इस्मे आणि आल्बनची बेटांची सहल

इस्मे टँटीनं, म्हणजे आमच्या गल्लीच्या इस्मेमावशीनं, सहल जाहीर केली तेव्हा तिचा नवरा आल्बन दारात बसून बूट पुसत होता. मी कॉर्नेल, त्यांचा शेजारी. माझं काम 'लेडी ऑगस्टीन' या मालवाहू बोटीवर, म्हणून टँटीनं मला साक्षीदारासारखं शेजारी बसवलं होतं.

"ईस्टर झाला की आपण बेटं बघायला जातोय," ती म्हणाली. "बेक्वे, कॅन्वान, मायरो, युनियन. सगळी."

आल्बननं वर पाहिलंसुद्धा नाही. "पैसे कुठले?"

"पैसे लागतच नाहीत. कॉर्नेलच्या बोटीवर कांद्या-बटाट्यांबरोबर बसलं की भाडं निम्मं. राहायला केल्व्हिना आहे, ऑव्हरिल आहे, सगळ्या माझ्याच पोरी."

हे खरं होतं. त्या बेटांवर मोठ्या शाळा नव्हत्या तेव्हाची गोष्ट. तिथल्या मुली शिकायला आमच्या किंग्सटाउनला येत आणि टँटीच्या घरी राहत. टँटीला स्वतःचं मूल नव्हतं. त्या मुलींना तिनं जेवू घातलं, तापात उशाशी बसली, वेणी घालताना रडवलं. आता त्या चाळिशीच्या बाया झाल्या होत्या आणि दर नाताळला "टँटी, ये ना" म्हणून निरोप धाडत होत्या.

"आणि खायचं काय?"

"नीरफणस, सुरण, केळी बरोबर नेऊ. तिकडं पाण्याची टंचाई, भाजी पिकत नाही. दोन पोती नेली की राणीसारखं ठेवतील मला."

"माझी पाठ दुखते."

"पोती कॉर्नेल उचलेल."

पाठ हे निमित्त होतं. खरं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. जन्मभर त्यानं डोंगरातल्या वळणावळणांवरून प्रवासी व्हॅन हाकली, हॉर्न वाजवत, एका हातानं. पण समुद्राला तो भीत होता. बेटावर जन्मलेला माणूस, आणि धक्क्यावर उभा राहिला तरी पाण्याकडे पाठ करायचा. आमच्या गल्लीतल्या बाया त्याला 'डोंगरी बोकड' म्हणायच्या, अगदी तोंडावर.

टँटी मात्र त्याला असं कधी म्हणाली नाही. ती एवढंच म्हणाली, "मला एकटीला नाही बघायचं रे." यावर आल्बननं बूट बाजूला ठेवले आणि हो म्हणाला.

निघाले त्या दिवशी आल्बननं रविवारचा पांढरा शर्ट घातला होता. बंदर सोडून उघड्या समुद्रात शिरलो आणि लाटांनी बोट उचलायला सुरुवात केली, तसा तो तांदळाच्या पोत्यांवर आडवा झाला तो बेक्वे येईपर्यंत उठलाच नाही. टँटी एका हातानं बादली धरून, दुसऱ्या हातानं त्याची टोपी सांभाळत बसली होती. बेक्वेला उतरल्यावर त्यानं जमिनीला हात लावला आणि केल्व्हिनाला म्हणाला, "पोरी, तुझ्या घरी कायमची एक खोली आहे का? मी इथून हलणार नाही."

सगळे हसले. पण दोन दिवसांनी आमची बोट पुन्हा दक्षिणेकडे निघाली तेव्हा तो खरंच हलला नाही.

"आल्बन, चल."

"तू जाऊन ये. मी इथंच थांबतो."

"आपण एकत्र ठरवलं होतं."

"तू ठरवलं होतंस," तो म्हणाला. म्हणाला आणि लगेच त्याचा चेहरा पडला, पण शब्द बाहेर पडून गेले होते.

टँटीनं आपली पिशवी उचलली आणि फळीवरून चढून वर आली. मला वाटलं, ती उतरेल. दोर सोडेपर्यंत मी मुद्दाम वेळ काढला. ती उतरली नाही. कठड्याशी उभी राहिली ती थेट कॅन्वानलाच उतरली.

पुढचं केल्व्हिनानं मला नंतर सांगितलं. आल्बन पहिला दिवस ओसरीवर बसला. दुसऱ्या दिवशीही तिथंच. जेवण पुढं ठेवलं की "भूक नाही" म्हणायचा. केल्व्हिनाचा सासरा ऑर्टन, होड्या बांधणारा म्हातारा, संध्याकाळी त्याच्या शेजारी येऊन बसला.

"एक विचारू?" ऑर्टन म्हणाला. "आमच्याकडे बाप्या समुद्रावर जातो आणि बायको किनाऱ्यावर वाट बघते. तुमच्या किंग्सटाउनला उलटं असतं का?"

आल्बन उठून आत गेला. सकाळी उठून त्यानं तोच पांढरा शर्ट घातला आणि बंदरावर जाऊन जास्पर नावाच्या एका वेगवान होडीवाल्याला विचारलं, "कॅन्वानला किती घेशील?"

जास्परनं सांगितलेला आकडा ऐकून केल्व्हिनानं डोक्याला हात लावला. "आल्बन अंकल, परवा दुसरी बोट आहे ना!"

"परवापर्यंत ती कुठं असेल कुणास ठाऊक," असं म्हणून तो होडीत चढला. बसला नाही, तळाशी पालथाच पडला, आणि म्हणाला, "चल लवकर, माझं मन बदलायच्या आत."

कॅन्वानला ऑव्हरिलनं सांगितलं, "टँटी आज सकाळीच गेली. कोळ्यांच्या होडीतून, मायरोला." आल्बननं तोंड धुतलं, घोटभर पाणी प्यायला आणि पुन्हा होडीत जाऊन पडला. मायरोच्या धक्क्यावर लोक जमले होते. "ती जाड काचांच्या चष्म्याची बाई? सुरण वाटत होती ती? अहो, ती आत्ताच युनियनला गेली, बाजारच्या होडीनं." तोवर वारा उठला होता. जास्पर म्हणाला, आता पुढं येणार नाही, पैसे मोज. आल्बननं खिसा रिकामा केला आणि ओळखदेख नसलेल्या त्या बेटावर एकटा उभा राहिला. एका कोळणीनं त्याला घरी नेलं, माशाचं कालवण वाढलं. त्या रात्री म्हणे तो जेवला.

इकडं दुसऱ्या दिवशी आम्ही युनियनला माल उतरवून परत निघत होतो, तर टँटी धक्क्यावर हजर.

"बेक्वेचं तिकीट दे."

"अगं टँटी, अजून मुक्काम बाकी आहे ना तुझा? युनियन आवडलं नाही?"

"सुंदर आहे. डोंगर तर असे, जणू कुणी कात्रीनं कापलेत." मग चष्मा पुसत म्हणाली, "शेजारी कुणी नसलं की 'ते बघ' म्हणता येत नाही, कॉर्नेल. तोंडातल्या तोंडात राहतं."

बोट मायरोला लागली. मी दोर फेकला तो धक्क्यावरच्या एका माणसानं धड पकडलाही नाही. मळका शर्ट, चुरगळलेला, मिठानं कडक झालेला. टँटी कठड्यावरून वाकली.

"आल्बन? तू इथं काय करतोयस?"

"तुला शोधतोय."

"आलास कसा?"

"होडीनं."

"कुणाच्या?"

"बेक्वेच्या जास्परच्या."

"त्यानं घेतले किती?"

आल्बननं आकडा सांगितला. सगळी बोट ऐकत होती. टँटीनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! एवढ्यात मी ही सहल तीनदा केली असती, तुझ्यासकट!"

"मग तीनदा करू," तो खालून म्हणाला. "पण आता खाली ये. त्या दिवशी मी जे बोललो ते चुकीचं होतं."

कप्तान शिटी वाजवत होता. टँटीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिची पिशवी धक्क्यावर टाकली आणि फळी धरली. ती उतरली, त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून वास घेतला, आणि म्हणाली, "आधी आंघोळ कर."

मायरोला आंघोळीला माणशी एकच लहान बादली. पावसाचं साठवलेलं पाणी, त्यापेक्षा जास्त कुणी मागत नाही. टँटीनं आपली बादलीही त्याला दिली, हे त्या कोळणीनं साऱ्या बेटाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघं टेकडीवरच्या चर्चपर्यंत चढून गेली. तिथून पलीकडची छोटी छोटी बेटं आणि मधलं उथळ पाणी दिसतं. तिथं बराच वेळ बसली होती म्हणतात, आणि काय बोलली ते मात्र कुणी ऐकलं नाही.

पुढच्या फेरीला परतताना मी त्यांना मायरोहून घेतलं. आल्बन कुणी न सांगता बोटीवर चढला आणि रिकाम्या खोक्यांच्या सावलीत जाऊन डोळे घट्ट मिटून पडला. टँटी त्याच्या डोक्याशी बसली.

"आता उजवीकडं कॅन्वान आलं," ती सांगत होती. "पाणी एकदम हिरवं. डोंगरावर बकऱ्या चरताहेत. एक होडी चाललीय, शिडाला पिवळं ठिगळ. बघतोयस ना?"

"बघतोय," डोळे न उघडता आल्बन म्हणाला. "तू सांगत राहा."