सोड्याच्या पाण्यातली गाठ

मैद्याची लांब वळी ती दोन्ही टोकांनी उचलायची, हवेतच एक पीळ द्यायची, टोकं वळवून पोटावर दाबायची आणि म्हणायची, “झालं काकू, दहाच मिनिटं.” दहा मिनिटं कधीच नसायची. पीठ फुगायलाच तास जायचा. पण ती गाठ पडताना तुम्ही पाहिली असती, तर तुम्हीही घड्याळाकडे बघितलं नसतं.

अकोल्यात माझं मुलींचं वसतिगृह आहे. क्लासला येणाऱ्या, ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुली. ती अकोटकडची. घरी फुलांचा मळा, झेंडू आणि शेवंती. चालता यायला लागल्यापासून हातात सुई-दोरा. ती माझ्याकडे आली तेव्हा रिपीटर होती, म्हणजे एकदा परीक्षा देऊन मार्क कमी पडलेली. रिपीटर मुलींना माझे नियम जास्त कडक. फोन फक्त रविवारी, टेस्ट झाल्यावर.

अशाच एका रविवारी दुपारी ती मेसच्या स्वयंपाकघरात सापडली. मळून ठेवलेल्या कणकेत उजवा हात मनगटापर्यंत खुपसून उभी.

“काय करून राहिली गं?”

“काही नाही काकू. हात थांबून नाही राहिला.” तिनं हात वर काढून दाखवला. बोटं थरथरत होती. “टेस्टमध्ये उत्तराचे गोल काळे करता करता सुरू होते. कणकेत घातला का थांबते.”

मी डॉक्टरांचं नाव काढलं. ती म्हणाली, “बाबाले नका सांगू. बाबा म्हणते, तू डॉक्टर होऊन राहिली का पेशंट?” आणि स्वतःच हसली.

मग तिनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. प्रेट्झेल नावाचा पाव. “जर्मनीतला आहे म्हणे. पण गाठ पाहा ना, आमच्या हाराले मारतो तशीच आहे.” मी माळ्यावरून लग्नातला गोल ओव्हन काढला, काचेच्या झाकणाचा. त्यात मी आयुष्यात दोनदा नानकटाई केली असेल. त्या दिवसापासून रविवारी तीन ते पाच स्वयंपाकघर तिचं. परवानगी मी दिली. हे वाक्य नीट वाचा. त्याच्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले आहे.

पहिल्या खेपेला मेसची मावशी म्हणाली, “जिलबी फसली का गं पोरी?” दुसऱ्या खेपेपासून मावशी स्वतःच दुपारी घरी जाईना. पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात खायचा सोडा फसफसायचा, गाठ झाऱ्यावर ठेवून ती अलगद आत सोडायची आणि मनात तीस आकडे मोजायची. “हे चुकवायचं नाही काकू. सोड्याच्या पाण्यातून नाही काढलं तर रंगच येत नाही. नुस्ता पाव होते.” मग वरून दूध, खडे मीठ, आणि ओव्हन.

भाजून निघाले की ती ते ताटात ओळीनं मांडायची आणि बोटानं दाखवायची. “हा एमबीबीएस. हा बीडीएस. हा आयुर्वेदाले लागला. अन् हा वाकडा, हा रिपीटर.” वाकडा ती स्वतः खायची. “आपल्यातला आहे,” म्हणायची. मुली पोट धरून हसायच्या. आठवडाभर ज्या मुलींचा आवाज ऐकू येत नसे, त्या हसायच्या. तिचा हातही सोमवार-मंगळवारपर्यंत बरा राहायचा. एकदा ताटं विसळताना ती सहज बोलल्यासारखं बोलली, “काकू, हा रविवार नसता ना, तर मी कधीचीच संपली असती.” मी “काहीतरीच बोलू नको” म्हटलं आणि नळ मोठा केला.

परीक्षेला महिना राहिला असताना मी मूर्खपणा केला. तिचं ताट इतकं सुंदर उतरलं होतं की मी फोटो काढला, ताटामागे पीठ लागलेली ती, आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. कौतुकानं टाकला, देवाशपथ.

पाच मिनिटांत अमरावतीच्या एका पालकांनी लिहिलं, “आमी पोरी अभ्यासाले ठेवल्या का आचारी बनाले?” त्याखाली एकामागून एक अंगठे. एकीनं विचारलं, वसतिगृह बदलायचं का? मी लिहिलं, “सदर मुलीला समज देण्यात येईल.” सदर मुलगी! ज्या हातांनी तिचे वाकडे-सरळ पाव खाल्ले, त्याच हातांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं तिचे वडील आले. सदऱ्याला झेंडूचा वास, नखांत माती. ते ओरडले नाहीत. तिला समोर उभं केलं. “काहून केलं हे?”

“काकूंनी परवानगी दिली होती बाबा.”

ते माझ्याकडे वळले. “खरं हाय का मॅडम?”

ऑफिसच्या दारात चार मुली उभ्या होत्या, त्यांचे चार पालक संध्याकाळी फोन करणार होते. मी म्हटलं, “नाही. मी तर कितीदा नको म्हटलं.”

त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. “सयपाकाचं जाऊ दे,” त्यांचा आवाज फाटला होता, “पण माह्याशी खोटं बोलून राहिली तू?”

तिनं गालाला हात लावला नाही. माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी आज निवांत असते. गणित सोडवताना उत्तर जुळत नसलं की ती जशी पाहायची, तशी पाहत होती.

मी ओव्हन माळ्यावर टाकला. त्यानंतर तिनं मला कधी “काकू” म्हटलं नाही, “मॅडम” म्हणू लागली. कणकेजवळ फिरकली नाही. जेवताना डावा हात उजव्या हातावर दाबून ठेवायची. मी रोज पाहत होते. रोज ठरवायचे, आज तिच्या वडिलांना फोन करून खरं सांगीन. परीक्षेचं सेंटर अमरावतीला होतं. अर्धे गोल भरल्यावर तिच्या हातातून पेन सुटलं, ते तिनं परत उचललंच नाही, असं सोबतची मुलगी सांगत आली. ती अमरावतीहूनच परस्पर घरी गेली. सामान न्यायला वडील एकटे आले. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

दोन वर्षांनी, गेल्या महिन्यात, मी ओव्हन खाली काढला. आठवेल तशा सहा गाठी मारल्या, भाजल्या, डब्यात भरल्या आणि अकोटची बस धरली.

वडील ओट्यावर होते. मी बसलेही नाही. उभ्यानंच सांगितलं, “तुमची मुलगी खोटं बोलली नव्हती. परवानगी मीच दिली होती.”

त्यांनी आपल्या उजव्या तळहाताकडे पाहिलं. म्हणाले, “आता सांगून राहिल्या तुमी?” आणि मानेनंच आतलं दार दाखवलं.

आत झेंडूचा ढीग. दोन बायका हार करत होत्या. ती भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. दोन वर्षांत तिनं सुई धरलेली नाही, त्यातल्या एकीनं हळूच सांगितलं. ती तिची आई होती.

मी तिच्यासमोर बसून सगळं पुन्हा बोलले. ती ऐकत होती की नाही, कळेना. मी डबा उघडला. तिनं एक हात काढला. थरथरत होता. एक गाठ मोडली, आत पाहिलं, वरचा पांढुरका रंग पाहिला.

“सोड्याच्या पाण्यातून नाही काढलं तुमी.”

“विसरले गं.”

“मग हा नुस्ता पाव झाला.” तिनं दोन्ही तुकडे डब्यात ठेवले, झाकण लावलं, डबा माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, “दहाच मिनिटं बसू का तुझ्याजवळ?”

“बस निघून जाईन तुमची, मॅडम,” ती म्हणाली आणि हात परत मांडीखाली घेतला.