आमचे कबड्डीचे कोच

आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या कबड्डीचे कोच पूर्वी व्यावसायिक खेळाडू होते. पैसे घेऊन सामना हरल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेत. नवीन माणसाला ते नावाआधी हेच सांगतात. "नंतर कळण्यापेक्षा आधीच बरं, ताई."

"विकतील हो सामना!" सेक्रेटरी म्हणाले होते. मीच सभेत भांडून त्यांना संधी मिळवून दिली.

इंदिरानगरच्या बायकांशी फायनल बरोबरीत होती. शेवटची चढाई करून मी परतले, पंचांनी गुण दिला. तेवढ्यात आमचे कोच हात वर करून ओरडले, "सर, ताईंचा पाय रेषेबाहेर गेला होता!"

मी बाद, गुण इंदिरानगरला. आम्ही हरलो.

"शेवटी हरवलंच की तुमच्या माणसाने," सेक्रेटरी म्हणाले. "काढायचं?"

"कोच म्हणून काढा," मी गुडघा चोळत म्हटलं, "आणि पुढच्या वर्षी पंच करा."