बेसिनपाशी बोललेलं एक वाक्य

राजा माझ्या अंगठ्याला चावला तेव्हा त्याचं रक्त काढून झालं होतं, एवढंच काय ते बरं. थेंब टेस्टच्या पट्टीवर टाकला आणि बेसिनवर जाऊन साबणाने हात घासायला लागले. मांजराच्या तोंडात घाण असते, जखम पिकते, म्हणून चांगली दहा मिनिटं धुवायची. पनवेलमध्ये बावीस वर्षं प्राण्यांचा दवाखाना चालवतेय. आता हे हात आपोआपच करतात.

राजा हा जानकीमावशींचा बोका. मावशी उरणकडच्या कोळीण. मुलगा नितेश पोर्टात नोकरीला लागला आणि सगळे करंजाडेच्या फ्लॅटमध्ये आले. बोकाही आला, मासळीच्या टोपलीत बसून. इथेही त्याचं दिवसभर बाहेर मारामाऱ्या करणं चालूच. आता हिरड्या सुजलेल्या आणि खाणं बंद. म्हणून एफआयव्हीची टेस्ट लावली. हा विषाणू मांजराची प्रतिकारशक्ती हळूहळू पोखरतो. पट्टीवर दोन रेघा उमटल्या की पॉझिटिव्ह.

दोन उमटल्या. बाहेर उलट्या करणारा एक लॅब्रेडॉर थांबलेला, आणि मी सकाळपासून उभी. नळ चालू ठेवूनच मावशी आणि नितेशकडे मान वळवली. "एफआयव्ही आहे. मांजरांमधला एड्स समजा. गोळ्या देते, सोमवारी या, मग सविस्तर बोलू."

सोमवारी मावशी एकट्याच आल्या.

"राजा कुठाय?"

"नितेशनं आपटा गावाला नदीवर सोडला. सून सातव्या महिन्यात हाय ना. बोलला, एड्स हाय, डॉक्टरबाई पन घाबरल्या, किती वेळ हात धुत होत्या." मावशी माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथूनच नितेशला फोन लावला.

"मॅडम, एड्स तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले. चुकलं माझं. हा माणसाला होत नाही. चावला तरी नाही, पोटातल्या बाळालाही नाही. मांजराच्या खोल चाव्यातून दुसऱ्या मांजराला होतो."

"मग हात का धुत होतात एवढे?"

"कुठलंही मांजर चावलं तरी धुते. तुमच्या बायकोने फक्त त्याच्या शी-शूची माती काढू नये. ती काळजी गरोदरपणात सगळ्याच मांजरांच्या बाबतीत घ्यायची."

"हे तेव्हाच सांगायचं ना, मॅडम."



मायलेक दोन संध्याकाळी आपट्याच्या नदीकाठी हाका मारत फिरले. दुसऱ्या संध्याकाळी राजा सापडला, एक कान फाटलेला. त्याचं ऑपरेशन केलं, म्हणजे नसबंदी, मारामारीची खुमखुमी कमी व्हावी म्हणून. किडलेले दात काढले. बाल्कनीला जाळी, बाहेर जाणं बंद, दर सहा महिन्यांनी तपासणी. असं सांभाळलं की ही मांजरं पुष्कळ वर्षं जगतात. मावशींनी सगळं ऐकलं, फक्त एका गोष्टीवर अडल्या.

"मासा शिजवून? मांजराला?"

"कच्च्या माशातले जंतू त्याला आता झेपणार नाहीत, मावशी."

"बरं." मग म्हणाल्या, "तिथं नदीवर एक पिवळा बोका हाय. राजानं त्याला लई फोडलाय. त्याला पन लागला असंल?"

"लागला असेल. पण आत्ता टेस्ट करून उपयोग नाही. चावल्यानंतर रक्तात खूण दिसायला दोन महिने जातात."

हे सांगून मी विसरून गेले.

दोन महिन्यांनी त्या आल्या. टोपली घट्ट बांधलेली, आत पिवळा बोका गुरगुरत होता. टेस्ट केली. दोन रेघा. कदाचित त्याला आधीपासूनच असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. फारसा उपयोग झाला नाही.

या वेळी हात पुसले, खुर्ची ओढून समोर बसले. "मावशी, हा रोग माणसाला..."

"माईत हाय. मासा शिजवायचा, बाहेर सोडायचा नाय."

"म्हणजे घरी नेताय? नितेश काय म्हणेल?"

"त्यानंच पकडला. गाडीत बसलाय. बोलला, आपन राजाला तिथं सोडला म्हनून याला झालं."

त्याने सोडला, कारण मी तसं बोलले. हे मी मावशींना सांगितलं. त्या टोपलीची दोरी बांधत राहिल्या.

चावा बसला की हात मी अजूनही तेवढेच धुते. फक्त नळ चालू असेपर्यंत तोंड बंद ठेवते.