खंडेनवमीला गेलेलं प्रिंट

दुसरीत मी दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा मास्तरांनीच हात जोडले, "बाबा, आता तू तरी जा न्हायतर मी तरी जातो." तवापासनं मी टॉवेलच्या कारखान्यात. धा-बारा माग, एक मालक, एक दिवाणजी, आन घड्या घालून गठ्ठे बांधनारा मी. वाचता येतं मला, खोटं कशाला बोलू. फकस्त एकेक अक्षर. पुढचं सापडेस्तोवर मागचं इसरतं.

मालकाची लेक परदेशात बाळंत झाली. तितं बाळ-बाळंतिनीला तेल लावून न्हाऊ घालनारी बाई कुठली मिळायला? माझी बायको या कामात लई हुशार. मालक म्हनले, तीन महिन्यांसाठी पाठवतो का? मी चारचौघांत म्हनलं, "न्या की मालक! परत आनायची घाई करू नगा." सगळी हासली. मी बी हासलो. ती विमानात बसून गेली. घरी येऊन बघतो तर मिठाचा डबा कुटं असतो ते मला ठावं न्हाय. तीन दिवस अळनी खाल्लं.

तवा तिकडचा फोन लई म्हाग. म्हनून बायको सांगंल तसं मालकाची लेक, म्हंजे ताई, ईमेल लिव्हायची. ते कारखान्याच्या कंप्युटरवर यायचं. दिवाणजी ते मोठ्यानं वाचायचे, माग बंद करून सगळी ऐकायची. मग दिवाणजी प्रिंट काढून कागद माझ्या हातात द्यायचे. माझा जीव त्या कागदात. घरी उंबऱ्यावर बसायचं, अक्षराखाली बोट धरायचं, आन वाचायचं. सोमवारी धरलेला कागद गुरुवारी संपायचा. शिकलेला मानूस दोन मिनटांत वाचतो आन रिकामा हुतो. मला बायको चार दिवस पुरायची.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी माग बंद, सगळ्या हत्यारांची पूजा. ते काम माझं. मागांना हार घातले, कात्रीला कुंकू लावलं, वजनकाट्याला बी लावलं. मग वाटलं, कंप्युटरनं काय घोडं मारलंय? माझ्या बायकोला हितं आनतोय त्यो. दिवाणजी म्हनले, "बंद करून पूज." मी म्हनलं, "झोपलेल्या देवाची पूजा करत्यात व्हय?" चालूच ठिवला. ईमेलचं पान उघडंच हुतं. बटनांच्या पाटीवर नारळ ठिवला, हळद-कुंकू आन तांदूळ वाहिले, आन त्यो उंदीर, म्हंजे माऊस, वल्या फडक्यानं चांगला रगडून पुसला. दिवाणजी बी नमस्कार करून गेले.

दसरा झाला, कारखाना उघडला. ईमेल येऊन पडलेलं. दिवाणजींनी वाचलं: बाळ मान धरायला लागलंय, थंडी लई हाय, शेंगाची चटनी संपली. ताई म्हनत्यात अजून तीन महिने राहा. काय सांगू ते कळवा.

सगळी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. आन माझ्याकडं कुनी बघितलं की माझी जीभ वळवळती. म्हनलं, "राहा म्हनावं वरीसभर! हितं भाकरी जळली तरी बोलनारं कुनी न्हाय. लई मजेत हाय."

हशा पिकला. दिवाणजींनी ते तसंच टाइप करून धाडून बी दिलं.

"आता कागद द्या," मी म्हनलं.

दिवाणजींनी काचंच्या वरच्या कडंची हुकमांची यादी उघडली. रोजच्या जागी प्रिंट न्हाय. तोंडातला दात पडला तर निदान खिंड दिसती. हितं तर रांगेतला एक मानूस उठून गेला आन मागचे पुढं सरकले, असं झालेलं.

"अरे, प्रिंट कुठं गेलं?"

"मी न्हाय नेलं," मी म्हनलं.

चार दिवस दिवाणजींनी सगळं करून बघितलं. कंप्युटर बंद केला, चालू केला, कागद बदलले. मी म्हनलं, मला सरळ काचंवरच वाचू द्या. खुर्चीत बसलो, बोट लावलं. अर्धी ओळ होईस्तोवर उंदीर हालला न्हाय, की अक्षरं जायची आन काचंवर मासे पवायला लागायचे. दिवाणजी उंदीर हालवायचे, मी पुन्ना पयल्यापासनं. चार दिवसांत मी "तीर्थस्वरूप"च्या पुढं गेलो न्हाय. वर काच हळदीची झाली ती येगळीच.

पाचव्या दिवशी कंप्युटर दुरुस्त करनारा आला. त्यानं बटनांची पाटी उलटी केली, तर तांदूळ आन कुंकू टेबलावर पडलं.

"हितं काय लगीन लागलंतं का?"

मी सगळं सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला. "अवो, नारळाखाली बटन दाबलेलं ऱ्हायलं, आन तुमी माऊस रगडला. यादीतलं प्रिंट ओढून भायेर टाकलं की तुमी!"

"मग आता गेलंच का?"

"जातंय कुटं? सगळे हुकूम आतल्या पेटीत असत्यात. वरनं दिसायचं तेवढं बंद झालंतं." त्यानं यादीच्या पट्टीवर उंदीर दाबून एक खिडकी काढली. तितं हुकमांची ही मोठी रांग. त्यातनं प्रिंट धरलं आन ओढत नेऊन जुन्या जाग्यावर सोडलं. "आन दिवाणजी, दोन बटनं एकदम दाबली असती तरी छापलं असतं."

दिवाणजी खिडकीतनं रस्त्याकडं बघायला लागले.

कागद घेऊन मी घरी पळालो. उंबऱ्यावर बसून बोट चालवलं. बाळ झालं, थंडी झाली, चटनी झाली. अजून तीन महिने झालं. त्याखाली आनखी चार ओळी हुत्या. दिवाणजींनी त्या वाचल्याच नव्हत्या. ताईंनी बायकोचं बोलनं जसंच्या तसं उतरवलेलं.

"ताई, हे बी लिव्हा, लाजू नगा. मला तुमची लई आठवन येती. सकाळी दार उघडलं की कुनाला हाक मारावी कळत न्हाय. मी ताईस्नी इचारलंय, त्यास्नी वाईट वाटनार न्हाय. तुमी नुसतं ये म्हना, मी येते."

त्या चार ओळींना मला सांज झाली. जोडाक्षरं फार नव्हती. तरी लई येळ लागला.

सकाळी मी दिवाणजींम्होरं कागद धरला. "खालचं का वाचलं न्हाय?"

"अरे, सगळे उभे होते. बायकोनं नवऱ्याला लिहिलेलं मी कारखान्याला ऐकवू?"

"मग माझ्या कानात सांगायचं की!"

"सांगणारच होतो. त्याआधी तूच वर्षभर राहा म्हणून मोकळा झालास. मला वाटलं, तुला नकोच आहे ती."

त्यांचं बी काय चुकलं? मलाच कुनी इचारलं असतं, तर मी बी तसंच सांगितलं असतं.

"ये म्हनून लिव्हा. आत्ता. दुसरं काय बी नगं."

त्यांनी लिव्हलं. दोन दिवसांनी तिचं आलं. ते दिवाणजींनी वाचलं न्हाय, गुमान छापून दिलं. मीच वाचलं. "तुमचं पयलं आलं तसं मी हो म्हनले. तिकीट संक्रांतीनंतरचं केलं, आता बदलत न्हाय. तुमी गमतीनं म्हनला असचाल, पन हितं तुमचं तोंड दिसत न्हाय वो. तोंड न बघता मला काय कळतंय?"

संक्रांतीला तीन महिने हुते. मी दिवाणजींना म्हनलं, मला रोज एक ओळ धाडायची हाय, गंमत न करता.

"सांग, काय लिहू?"

मी उभाच. गंमत काढली तर माझ्यात काय शिल्लक ऱ्हातं, ते मी कवा बघितलंच नव्हतं. दिवाणजी बोटं बटनांवर ठिवून बसलेले.

"लिव्हा... आज आंघोळीचं पानी दोघांचं तापवलं."

त्यांनी लिव्हलं. "पुढं?"

"पुढं काय न्हाय. धाडा."