जरासा खालचा गांधार

पेटीवरचं बोट उचलायचं, तोच हात हवेत थोडा खाली दाबायचा आणि म्हणायचं, "जरासा खालती, माय." अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत गायन शिकवणाऱ्या मास्तरांची ही सवय. मी शेजारच्या वर्गात भूगोल शिकवायची. तुमचं 'खालती' ऐकून माझ्या मुली नकाशात नागपूर सोडून मद्रासला पोचतात, असं मी त्यांना चिडवायची. ते हसत नसत.

पूर्वी हेच मास्तर पेटीच्या सुराबाहेर कुणाला जाऊ देत नसत. त्यांची मुलगी आमच्याच शाळेत होती. प्रार्थनेतला कोमल गांधार ती किंचित उतरता लावी. मास्तर सगळ्यांदेखत तिला पेटीशी बसवून तो सूर पुन्हा पुन्हा म्हणायला लावीत. एकदा ती रडतच घरी गेली. त्याच पावसाळ्यात विषमज्वरानं ती वारली.

त्यानंतर फळ्यावर सरगम लिहिताना मास्तर 'ग'खाली छोटासा बाण काढू लागले. असं चिन्ह कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मुलींनी विचारलं, तर म्हणाले, पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधेही सूर राहतात. दुःखानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं, असं आम्ही शिक्षिकांनी ठरवून टाकलं.

मग तपासनीस आले. मास्तरांची नोकरी कायम होणं त्यांच्या शेऱ्यावर होतं. प्रार्थना सुरू झाली आणि गांधारावर अर्ध्या मुली पेटीच्या सुरामागे गेल्या, अर्ध्या सवयीच्या जुन्या सुरावर राहिल्या. ऐकवेना. आदल्या संध्याकाळी मास्तरांनी पेटी उघडून त्या गांधाराची पितळी रीड, वाऱ्यानं वाजणारी जीभ, कानशीनं घासून उतरवली होती.

मुख्याध्यापिका भल्या. म्हणाल्या, सूर होता तसा करून द्या, मी साहेबांना पुन्हा बोलावते. मास्तर कानस घेऊन पेटीपुढे बसले. मी गेले तेव्हा कानस हातात तशीच होती. मी म्हटलं, एका सुरासाठी स्वतःच्या पोटावर पाय का देता?

"बाई, पोरगी बराबर गात होती," ते म्हणाले. "पेटीच चुकत होती. आन मी तिले रडवलं."

 

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. अमरावतीला भावाकडे गेले म्हणे. पेटीतली ती रीड त्यांनी सोबत नेली होती. नवी येईपर्यंत ती पट्टी दाबली की नुसता वारा यायचा. प्रार्थनेत तिथे मुली आपल्या गळ्यानंच गायच्या. पेटीचा आधार नसला की त्या सगळ्यांचा गांधार किंचित उतरता लागे. एवढं मलाही ऐकू येत होतं, आणि ऐकायला मास्तर नव्हते.