आडनावाच्या जागी

क्रांती चौकातून आत वळलं की दुसऱ्या बोळात झेरॉक्स आणि टायपिंगचं एक चिंचोळं दुकान आहे. तिथं सुलेखा शेंडगे बसते. वय अडतीस, शिक्षण बारावी, घर पाचोडकडचं, मेंढरं राखणारं. लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कुणाला खुलासाही दिला नाही. पीएचडी करणारी पोरं तिच्याकडं येतात ती टायपिंगसाठी नव्हे, टायपिंग आता कुणीही करतं. येतात ती शेवटच्या पानांसाठी, म्हणजे संदर्भसूचीसाठी. कुठल्या नियतकालिकाला वर्ष कंसात लागतं, कुणाला पुस्तकाचं नाव तिरक्या अक्षरात लागतं, कुणाला आद्याक्षरांमध्ये टिंब चालत नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण चुकलेला स्वल्पविराम तिला लांबून दिसतो. याचा तिला गर्व होता, आणि तो तिनं कधी लपवलाही नव्हता.

त्या मंगळवारी पावणेचारला कृष्णा धापा टाकत आला. हा सोयगावचा पोरगा, मेंढ्यांच्या पोटातल्या कृमींवर पीएचडी करणारा. त्याचा लेख परदेशातल्या एका नियतकालिकाकडं गेला होता. तो छापून आल्याशिवाय प्रबंध पुढं सरकणार नव्हता. त्यानं मोबाइल तिच्या पुढ्यात धरला.

मेल इंग्रजीत होतं, पण मतलब सरळ होता. तुमच्या सूचीतले अकरा लेखक आम्हाला कुठंही सापडले नाहीत. ही नावं यंत्राकडून रचून घेतल्याचा संशय येतो. तुमच्या वेळेनुसार आज पाचपर्यंत समाधानकारक खुलासा आला नाही, तर लेख रद्द होईल आणि तुमच्या मार्गदर्शकांना तसं कळवलं जाईल.

"सरांना कळलं की संपलं," कृष्णा म्हणाला. "खोटे संदर्भ घातले म्हणून रजिस्ट्रेशनच जाईल. सहा वर्षं झाली ताई."

"मग खोटे घातलेस का?"

"नाय हो! पण ही नावं मलाच ओळखू येईनात. हे फकिरा कोण? मी ह्यांचं कधी वाचलंच नाय." त्याचा आवाज खाली आला. "ताई, खरं सांगा. तुम्ही त्या कॉम्प्युटरला सांगून तर नाय ना भरली?"

सुलेखाच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. "माझ्या दुकानात असलं चालत नाय," ती म्हणाली आणि फाइल उघडली. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. ती मोठ्यानं वाचायला लागली. "फकिरा, डी. जी.; रामप्रसाद, के. टी.; मुंजाबा, डी. व्ही..."

मुंजाबापाशी ती थांबली. तिचा चुलता मुंजाबा होता. गावात अजून दोन मुंजाबा होते. पण मुंजाबा आडनावाचा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिनं मान वर केली. समोर भिंतीवर तिचंच टायपिंगचं प्रमाणपत्र टांगलेलं होतं. त्यावर नाव होतं : शेंडगे सुलेखा सखाराम.



नियतकालिकाचा नियम होता की आडनाव आधी, पुढं फक्त आद्याक्षरं. गोऱ्यांच्या नावात आडनाव शेवटी असतं, म्हणून मागच्या महिन्यात घाईघाईत तिनं प्रत्येक नावाचा शेवटचा शब्द उचलून पुढं आणला होता. एकशे वीस नावांना ते बरोबर बसलं. पण हे अकरा जुने प्रबंध इथलेच, विद्यापीठाच्या कपाटातले, नेटवर नसलेले. त्यांच्यावर नावं आपल्या रिवाजानं छापलेली : आधी आडनाव, मग स्वतःचं, शेवटी बापाचं. धुळगुंडे वच्छला मुंजाबा. तिनं अकरा जणांच्या बापांना उचलून आडनावाच्या जागी बसवलं होतं. वर लेखाच्या मजकुरात आलेल्या नावांशी मेळ बसेना, तेव्हा स्वतःच्याच हुशारीवर खूष होऊन तिनं लेखातलीही नावं बदलली होती. म्हणजे चूक कुठून आली याचा मागही पुसून टाकला होता.

कृष्णाला यातलं काही दिसलं नव्हतं. तो घड्याळाकडं बघत होता. "ताई, फाइल करप्ट झाली असं लिहू का? कोण तपासायला येतंय?"

सोपं होतं. तो स्वतःच वाट काढून देत होता. विद्यापीठातली निम्मी पोरं तिच्याकडं यायची ती तिचा हात चुकत नाही म्हणून. हो म्हटलं असतं तर कुणाला कधीच कळलं नसतं. सुलेखानं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"फाइल चांगली हाय," ती म्हणाली. "चूक माझी हाय." आणि तिनं सगळं सांगितलं.

कृष्णा स्टुलावर बसला. मग म्हणाला, "मी डोळे झाकून विश्वास ठेवला तुमच्यावर. दोन घंट्यांपासून मी स्वतःलाच चोर समजायलो."

"रागव. हक्क हाय तुझा. पण पाचनंतर रागव. आत्ता त्या प्रबंधांच्या पहिल्या पानांचे फोटो घेतले होतेस ना, ते काढ मोबाइलमधून आन वाच."

तो वाचू लागला, ती बदलू लागली. सूचीत एकदा, लेखात जिथं जिथं आलं तिथं पुन्हा. अकरावं नाव जागेवर बसलं तेव्हा पाचला चौदा मिनिटं कमी होती. खुलासा ती मराठीत सांगत गेली आणि कृष्णा इंग्रजीत टाइप करत गेला. आमच्याकडं कागदोपत्री आडनाव आधी येतं आणि वडिलांचं नाव शेवटी. हे ठाऊक असूनही माझ्या हातून उलटापालट झाली. लेखकाचा यात दोष नाही. सोबत अकराही पानांचे फोटो जोडले आहेत. खाली तिनं स्वतः, सवयीनं, भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर आहे तसं नाव टाइप केलं. फोटो चढेनात. गोल चक्र फिरत राहिलं. दोघंही त्याच्याकडं बघत होते. चार अठ्ठावन्नला मेल गेलं. कृष्णा उठला आणि चहालाही न थांबता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बारापर्यंत तिनं कुणाचंच काम हातात घेतलं नाही. मग कृष्णा दारात दिसला. चेहऱ्यावरून काही कळेना. त्यानं कालच्यासारखाच मोबाइल पुढं धरला. खुलासा पटला, अकराही प्रबंधांची खात्री झाली, लेख परीक्षकांकडं पाठवत आहोत. सुलेखानं दोनदा वाचलं, आणि मग तिची नजर पहिल्या ओळीवर गेली. तिथं लिहिलं होतं : डिअर मिस सखाराम.

कृष्णा हसायला लागला. "एवढं समजावून सांगितलं, तरी! चुकलंय म्हणून कळवू का परत?"

सुलेखाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिचा बाप सखाराम शेंडगे जाऊन आठ वर्षं झाली होती. जन्मभर माणूस मेंढरांमागं फिरला, सही करता येत नव्हती. पोरीच्या कागदांवर त्याला जागा मिळाली ती कायम शेवटी.

"नगं," ती म्हणाली. "एवढं एक राहू दे." मग तिनं पुढच्या पोराची फाइल उघडली आणि शेवटच्या पानावरचं एकेक नाव बोट ठेवून वाचायला लागली.