नळीतली काजळी

मी जात्याच संशयी बाई. भाजीवाल्यानं न मागता मूठभर कोथिंबीर घातली की मी आधी पिशवीतले टमाटे दाबून बघते. त्यात नवरा मिळाला मुका. फौजेत सतरा वर्षं काढून आला, पण कुठं चाललो, कवा येणार, हे घरात सांगायची पद्धतच नाही. टोपी घातली की गेला. मग मी बसायचे अंदाज करत, आणि माझे अंदाज कधी चांगले नसायचे.

हट्टा गावाकडं आमचं शिवार. त्या वर्षांत, म्हणजे नव्वदचं दशक संपता संपता, हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाई, फार शिरायचे. घोड्याएवढं जनावर, कळप आला की उभं पीक तुडवून जायचा. यांच्याकडं परवान्याची रायफल होती, रात्री पिकाच्या जागलीला जाताना खांद्याला असायची. पण रोही हुसकावायचा, मारायचा नाही. मारला की गुन्हा.

एका सकाळी ओढ्याला रोही मरून पडलेला सापडला. गोळी लागलेली, मांडी कापून नेलेली. गावात रायफल एकच, आमची. आणि आदल्या रात्री हे जागलीला होते. गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून आले, चहा प्याले, झोपले. एक शब्द नाही.

दोन दिवसांनी पोलीस पाटील सांगून गेले की उद्या जंगलखात्याचे साहेब येणार, रायफल तपासणार. नळीत चिंधी फिरवली की गोळी झाडली का ते कळतं म्हणे. गुन्हा लागला तर परवाना तर जाईलच, वर जेल. मी यांच्या तोंडाकडं बघत राहिले. येऊ द्या की, एवढंच बोलले आणि शेताकडं निघून गेले.

मी दाराला आतून कडी लावली आणि पेटीतून रायफल काढली. गोळ्यांच्या डब्याला कुलूप, किल्ली यांच्या करदोट्याला, तिथं माझं काही चालत नव्हतं. पण बोल्ट काढायला मला बघून बघून येत होतं. नळी पुसायची एक दोरी असते, एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला चिंधी. तिला हे फुलथ्रू म्हणायचे, फौजेतून आणलेला शब्द. वजन आत सोडलं आणि पलीकडून ओढलं. पांढरी चिंधी काळी होऊन आली.

मारला! मारला आणि मला सांगितलं नाही. ती मांडी कोणाच्या घरी शिजली, पंगतीला कोण कोण बसलं, सगळं माझ्या डोळ्यापुढं उभं राहिलं. राग आला, रडूही आलं. पण राग नंतर, आधी माणूस वाचवायचा होता.

जुनं धोतर फाडलं. आधी बंदुकीचं तेल, मग रॉकेल, मग सोड्याचं कढत पाणी. चिंधीमागं चिंधी. नळी उजेडाला धरून बघावं तर आतल्या खाचा काळ्याच. काजळी नुसती चिकटून बसलेली. ओढून ओढून तळहाताला फोड आले. एका गोळीची एवढी काजळी कशी, हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. उलट मला वाटलं, म्हणजे याआधीही मारलेत.

दुपार कलली तेव्हा कुठं नळी चकाकली. कडी काढली तर दारात हेच. रॉकेलचा वास अंगणापर्यंत गेला होता. यांनी चिंध्यांचा ढीग बघितला, नळीला डोळा लावला आणि तिथंच खाली बसले.

"काहून केलंस हे?"

काळी निघाली म्हणून, मी म्हणाले. उद्या साहेब येऊन राहिले म्हणून.

"अगं, ताज्या गोळीची काजळी दोन चिंध्यांत निघती. ही निघत न्हाई म्हंजे जुनी हाय, तीन-चार सालाची. तेच तर साहेबाला दाखवणार होतो."

मी जन्मभर भांडी घासली. आजचं काळं बोटानं पुसलं जातं आणि वर्षाचं काळं काथ्यानं रगडूनही हलत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? पण रायफल हातात आली आणि अक्कल चरायला गेली. यांच्या बाजूनं बोलणारी एकच साक्ष होती, ती मी सोडा घालून धुऊन काढली.

मला विचारलं का नाहीस, असं हळूच म्हणाले. मी चिंध्या गोळा करायला लागले. विचारलं असतं तरी मी खरं मानलं नसतं, हे सांगायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नळीला नाक लावलं आणि विचारलं, कोणी धुतली? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, मीच धुतली, फौजी माणूस, घाण चालत नाही. पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. रायफल गेली, वर गुन्हा लागला. गाव आमच्याकडं तिरकं बघायला लागलं आणि हे दर सोमवारी हिंगोलीला हजेरीला जाऊ लागले. उन्हाळ्यात कनेरगाव नाक्याजवळ परगावचे शिकारी जीपमध्ये मांसासकट सापडले. आमच्या ओढ्याचा रोहीही त्यांनी कबूल केला, तेव्हा यांची त्या गुन्ह्यातून सुटका झाली. मी गावभर पेढे वाटले.

पण तेव्हापासून यांनी एक सुरू केलं. बाहेर पडताना दारात थांबतात आणि पहारेकऱ्याला सांगावं तसं सांगतात, औंढ्याला चाललो, दोनच्या गाडीनं, पाचला परत. आल्यावर पुन्हा सांगतात, कोण भेटलं, चहा कुठं घेतला. आधी वाटलं, थट्टा करतात. थट्टा नव्हती. वर्षं गेली तरी चालूच. शेवटी एकदा मी रडकुंडीला येऊन म्हणाले, नका हो सांगू, मी कधी विचारते का तुमाला?

"तू इचारत न्हाईस," हे म्हणाले, "म्हणून तर सांगतो."